फॉर्ममधला एक रकाना, आणि त्यापुढचं 'नाही'

बालाघाटी | रविवार, रात्री ९.१५

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मी वकील आहे, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी. फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यानं बाल न्याय मंडळापुढची, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या गुन्ह्यांची, प्रकरणं माझ्याकडं येतात. फी म्हणाल तर पेट्रोलपुरती.

पोरगं मंडळापुढं येतं तेव्हा त्याच्याबरोबर पोलिसांनी भरलेला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल येतो. छापील फॉर्म. बाप काय करतो, शाळा का सुटली, व्यसन कोणतं, संगत कुणाची. त्यात एक रकाना असाही आहे की बालक स्वतः कोणत्या गुन्ह्याचा बळी ठरलेला आहे काय? माझ्या हातात आलेल्या कागदांवर या रकान्यापुढं जवळजवळ नेहमी 'नाही'च असतं. एका ओळीत, घाईघाईनं. 'होय' लिहिलेलं मी आजवर दोनदा पाहिलंय.

मागच्या हिवाळ्यातलं एक पोरगं. तपशील बदलून सांगते. सोळा वर्षांचा. आईबाप दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारे. (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. इथल्यांना सांगायला नको, पण पुण्यामुंबईचेही वाचतात.) मुकादमाची (टोळीच्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, त्यामुळं यंदा जात नाही म्हणायची सोय नाही. पोरगं मागं चुलत्याकडं. शाळा सुटली की गॅरेजवर पाने द्यायला. आठवड्याचे पैसे बाजाराच्या दिवशी मिळायचे, आणि कोपऱ्यावर बसणारी चार मोठी पोरं त्याच दिवशी ते काढून घ्यायची. आधी वीस, मग पन्नास, मग सगळेच. एकदा यानं दिले नाहीत. तर भर रस्त्यात कान धरून उठाबशा काढायला लावल्या, शूटिंग केलं आणि स्टेटसला ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरी हसल्या.

चुलत्याला सांगितलं. तो म्हणाला, तू कशाला गेलतास त्यांच्या नादी. गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, टाळी एका हातानं वाजत नाही. आईला फोनवर सांगितलं नाही, कारण ती तिकडं उसाच्या फडात रडत बसली असती.

पंधरा दिवसांनी यानं गॅरेजमधला पाना एकाच्या डोक्यात घातला. सहा टाके. ज्याच्या डोक्यात घातला तो चौघांतला सगळ्यात धाकटा. शूटिंग करणारा.

आता कागद बघा. कागद पान्यापासून सुरू होतो. त्याआधीचे चार महिने कुठंच नाहीत. मी पहिल्या भेटीत विचारलं, "तुला कुणी मारलंय का कधी?" म्हणाला, नाही. दुसऱ्या भेटीत विचारलं, "तुझे गॅरेजचे पैसे कशावर खर्च व्हायचे?" तेव्हा चाळीस मिनिटं बोलला. मार खाणं, लुबाडलं जाणं हाही कुणीतरी आपल्यावर केलेला गुन्हा असतो, हे या लेकरांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांच्या लेखी ती हवापाण्यासारखी गोष्ट. आणि 'बळी' म्हटलं की त्यांना बोकड आठवतो.

तुमच्या आसपास काय पाहिलंत ते लिहा. मला खरंच वाचायचंय.

बेरकी | रविवार, रात्री ९.४०

आलं. गुन्हेगाराचं बालपण, त्याची गरिबी, त्याचे अश्रू. सहा टाके पडले त्याचं एका ओळीत आटोपलंत. सोळाच्या पुढच्यांना सरळ मोठ्यांसारखं चालवा, सगळी मानसशास्त्रं बंद होतील.

चिंचोका | रविवार, रात्री ९.५२

कोणतं गाव हो? आमच्या तालुक्यात असंच झालं होतं.

बालाघाटी | रविवार, रात्री १०.०५

@चिंचोका, सांगणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथं कुणीही गाव, शाळा, आडनाव लिहू नये, अंदाजही बांधू नये.

@बेरकी, २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाला मोठ्यांसारखं चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडं पाठवायची वाट आहे, पण फक्त घोर गुन्ह्यात. तिथंही मंडळानं आधी तपासायचं असतं की त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता किती होती, परिणाम कळत होते का, आणि कृत्य कोणत्या परिस्थितीत झालं. 'परिस्थिती' माझ्या मनातली नाही, कलम १५ मधली आहे. आणि ती कळायची कशी, जर रकान्यापुढं 'नाही' असेल?

मी_पण_मराठवाडी | रविवार, रात्री १०.३०

आमच्या बापानं आम्हाला रुमण्यानं हाणलंय. गुरुजींनी छडीनं हाणलंय. हातावर वळ घेऊन घरी आलं की घरी दुसरा हप्ता. आम्ही कुठं कुणाची डोकी फोडली? उलट सरळ झालो. हल्लीच्या पोरांना हात लावायची सोय नाही, म्हणून ही पाळी आलीय.

परळी_वैजनाथ_पॅसेंजर | रविवार, रात्री १०.३४

+१

तासिका_तत्त्वावर | सोमवार, सकाळी ७.१०

मी समाजशास्त्र शिकवतो (नावावरून पगार कळला असेलच). पोर्शनमध्ये हा विषय आहे, पण पोरं गाईडमधून पाठ करतात, म्हणून इथं हौस भागवतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली मांडलं की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथं जायच्या वाटा सगळ्यांना सारख्या देत नाही. या ओढाताणीतून काही लोक वाकडी वाट धरतात. पुढं सगळे म्हणायला लागले की मग गरिबी हेच कारण. ते पुरेसं नव्हतं. घरात सगळं असलेली पोरंही मारामाऱ्या करतातच की. १९९२ साली रॉबर्ट अॅग्न्यू या दुसऱ्या अभ्यासकांनी ताणाची व्याख्या मोठी केली. हवं ते न मिळणं हा एक ताण. जवळचं हिरावलं जाणं हा दुसरा, म्हणजे बाप जाणं, शाळा सुटणं, गाव सुटणं. आणि तिसरा म्हणजे नको ते वाट्याला येणं: मार, अपमान, छळ, लुबाडणूक. बालाघाटीताईंचं पोरगं या तिसऱ्यात बसतं. आणि दुसऱ्यातही, कारण आईबाप सहा महिने नाहीत.

मधला दुवा आहे राग. ताणानं माणूस खचतो, घाबरतो, पण दुसऱ्यानं अन्याय केलाय असं वाटलं की राग येतो, आणि राग हात उचलायला लावतो. २००१ साली अॅग्न्यू यांनी आणखी नेमकं केलं. सगळे ताण सारखे नसतात. जो अन्यायाचा वाटतो, जो मोठा असतो, जो अशा ठिकाणी घडतो जिथं लक्ष ठेवणारं मोठं माणूस नसतं, आणि ज्यातून सुटायची वाकडी वाट हाताशी असते, तो ताण गुन्ह्याकडं नेतो. दहावीचा अभ्यासही ताणच आहे, पण त्यानं कुणी पाना उचलत नाही.

आता @मी_पण_मराठवाडी यांच्या रुमण्याबद्दल. तुमचा अनुभव खोटा नाही. १९८९ साली कॅथी विडम यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या एका शहरात १९६७ ते १९७१ या काळात कोर्टात नोंद झालेली, छळ किंवा हेळसांड झालेली ९०८ लेकरं. त्यांच्याच वयाची, तशाच घरातली, पण अशी नोंद नसलेली दुसरी ६६७. मोठी होताना दोन्ही गटांत पोलिसांनी कुणाकुणाला धरलं ते पाहिलं. किशोरवयात अटक झालेले पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १७. म्हणजे फरक जवळजवळ दीडपटीचा. पण पहिल्या गटातले शंभरातले चौऱ्याहत्तर त्या वयात धरले गेलेच नाहीत. तुम्ही त्या चौऱ्याहत्तरातले. म्हणून काय उरलेल्या सव्वीसांना मारानं सरळ केलं असं म्हणायचं? आणि तुम्ही मार खाऊन सरळ झालात की मार खाऊनही झालात, हे तुम्हाला तरी कसं कळणार?

मी_पण_मराठवाडी | सोमवार, सकाळी ८.०२

'खाऊनही' हा मुद्दा डोक्यात फिरतोय. आज्जी होती आमची. मार पडला की हळद लावायची आणि बापाला शिव्या घालायची. तिचा विचार कधी या अंगानं केला नव्हता.

निवृत्त_जमादार | सोमवार, दुपारी १.२०

राम राम मंडळी. तेहेतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. फॉर्म आमच्या लोकांच्या माथी मारलाय ते चूक नाही, पण बाजू ऐका.

ठाण्यात एक बाल कल्याण अधिकारी नेमलेला असतो. कागदावर. तोच बंदोबस्ताला, तोच समन्स बजावायला, तोच गणपती मिरवणुकीत. पोराला चोवीस तासांच्या आत मंडळापुढं न्यायचं असतं, आणि ते बरोबरच आहे, लेकराला कोठडीत ठेवायचं नाही म्हणजे नाही. पण त्या चोवीस तासांत फिर्याद, पंचनामा, वैद्यकीय, पालकांना निरोप. आणि पालक कुठं, तर कर्नाटकात फडावर, फोन लागत नाही. मग फॉर्म सगळ्यात शेवटी. एक हवालदार विचारतो, दुसरा लिहितो. "काय रे, तुझ्यावर काही अन्याय झालाय का?" पोरगं मान खाली घालून "नाही साहेब". लिहा 'नाही'.

नियमात आहे की मुलाशी बोलताना साध्या कपड्यात असावं. मी एकदा खरंच घरून शर्ट मागवून घातला, ठाण्याबाहेरच्या टपरीवर पोराला चहा दिला. ते मोटारसायकली चोरायचं, विकायचं नाही. रात्री पेट्रोल संपेपर्यंत फिरवायचं आणि कुठंतरी लावून द्यायचं. चहा अर्धा झाल्यावर म्हणालं, घरी लवकर गेलं की मामा पितो आणि मारतो, म्हणून तो झोपेपर्यंत फिरत राहतो. मी ते लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, जमादार, कादंबरी लिहायलात का. बरं. लिहिलेलं खोडलं नाही मात्र.

बेरकी | सोमवार, दुपारी १.४५

मोटारसायकल ज्याची गेली त्याला ही कादंबरी ऐकवा.

निवृत्त_जमादार | सोमवार, दुपारी २.१०

ऐकवली होती. दूधवाला होता. म्हणाला गाडी मिळाली ना, पेट्रोलचे पैसे नकोत. सगळेच असे नसतात, तेही सांगतो.

फडावरचा | सोमवार, रात्री ११.५०

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आयडीवरून ओळखलं असेल. आता सरकारी नोकरीत आहे.

पाचवी ते सातवी मी आईबापाबरोबर फडावर जायचो. कोप्या, म्हणजे झोपड्या, उसाच्या पाचटाच्या. पहाटे तीनला मायबाप गेले की धाकट्या बहिणीला मी सांभाळायचो, शाळा ऑक्टोबरात जायची ती मार्चनंतर परत यायची. तेरा वर्षांचा असताना मुकादमानं माझ्यादेखत बापाच्या थोबाडीत मारली. उसाची टायरगाडी (बैलगाडी) उशिरा भरली म्हणून. बापानं पटका उचलला, झटकला, पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि कामाला लागला. एक शब्द नाही.

लोकांना वाटेल मला मुकादमाचा राग आला. नाही. मला बापाचा राग आला. कितीतरी वर्षं होता. मुकादमाच्या मोटारसायकलचं सीट मी त्या रात्री ब्लेडनं फाडलं. पाच-सहा ठिकाणी. नंतर त्याच हंगामात एका माणसाच्या खिशातून पैसे मारले, दुसऱ्या टोळीतल्या एका पोराला कुठं लागतंय ते न बघता उसानं झोडपलं, तो बिचारा माझ्याहून लहान होता आणि त्यानं काहीच केलं नव्हतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

पकडलो गेलो नाही, एवढाच माझ्यात आणि ताईंच्या पोरात फरक. पुढच्या वर्षी गावात हंगामी वसतिगृह (ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठीचं) सुरू झालं, मला तिथं ठेवलं. स्वयंपाक करणारी एक मावशी होती. ती रोज रात्री प्रत्येकाला नाव घेऊन विचारायची, जेवलास का. मोजायची नाही, विचारायची. बस एवढंच. मला त्याचं काय झालं ते सांगता येत नाही, पण त्या वर्षी मी काही फाडलं नाही.

तासिका_तत्त्वावर | मंगळवार, सकाळी ६.५५

@फडावरचा, हे लिहिल्याबद्दल आभार. अॅग्न्यू यांनी पुढं हेही जोडलं की ताण स्वतःवरच यावा लागत नाही. जवळच्याचा अपमान डोळ्यांदेखत पाहणं हाही ताणच. पण राग बापाचा आला, हे मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं.

मावशीवरून आठवलं. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, आजार अशा सगळ्या बाजूंनी अडचणीत असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं नीट मोठी झाली. त्यांच्या आयुष्यात आईबाप नसले तरी कुणीतरी एक मोठं माणूस पक्कं होतं. आजी, शेजारीण, शिक्षक. वर कुणाची तरी आज्जी हळद लावत होतीच.

लातूरची_मेस | मंगळवार, दुपारी ४.३०

आमच्या गल्लीत सगळ्या खोल्या ट्यूशनच्या पोरांच्या. माझी मेस आहे. मारामाऱ्या फार नाहीत इथं, पण नवीन आलेल्या गावाकडच्या पोराचा डबा पळवणं, त्याच्या बोलीची नक्कल, अंघोळीच्या वेळी दार बाहेरून लावणं, हे रोज. टेस्टचे मार्क भिंतीवर लागले की जास्त. जो पहिल्या वर्षी हे सोसतो तोच दुसऱ्या वर्षी नव्याच्या दाराला कडी लावतो, मी डोळ्यांनी बघते.

पोरींचं कुणी लिहिलं नाही. पोरी डोकी फोडत नाहीत. त्या जेवण सोडतात, हातावर ब्लेडनं ओढून घेतात, नाहीतर कुणाबरोबर निघून जातात. मग गाव म्हणतं पोरगी वाईट निघाली. आणि बापाच्या डोक्यात हीच भीती, म्हणून सोळाव्या वर्षीच लग्न उरकतात, कोयत्याला जोडी होते ते वेगळंच. निघून गेलेल्या एकीला मी नंतर विचारलं होतं. घरात चुलतभावाचा त्रास होता. कुणाला सांगणार?

तासिका_तत्त्वावर | मंगळवार, दुपारी ५.०५

मुलींबद्दल अगदी हेच. राग त्यांनाही येतो, पण त्यात अपराधीपणा आणि भीती मिसळलेली असते, म्हणून तो आत वळतो. अॅग्न्यू आणि लिसा ब्रॉइडी यांनी १९९७ मध्ये यावर स्वतंत्र लिहिलंय. कॉलेजला निघालोय, नंतर लिहितो. (लिहिलं नाही तर परीक्षेची ड्यूटी लागली समजा.)

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९.२०

मी सगळा धागा वाचला. सगळ्यांना त्या पाना मारणाऱ्याचं पडलंय. माझा मुलगा अकरावीत आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याला कॉलेजच्या पार्किंगमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलानं मारलं. धक्का लागला म्हणून. जबडा हलला, पंधरा दिवस भात कालवून खात होता. तो मुलगा आता घरी आहे, आणि त्याच्यासाठी देखरेख ठेवणारा परिविक्षा अधिकारी आहे, समुपदेशक आहे, फुकट वकील आहे. तुमच्यासारखी. माझ्या मुलाकडं कोण आलं? एक माणूस आलं नाही. कसा आहेस विचारायला नाही. त्याच्या लहानपणी काय झालं असेल ते असेल, माझ्या मुलानं त्याचं काय बिघडवलं होतं?

बालाघाटी | मंगळवार, रात्री १०.४५

ताई, काहीच बिघडवलं नव्हतं. आणि तुमचं खरं आहे, जखमी पोराकडं यंत्रणेतलं कुणी जात नाही. जबाब घेतला की त्याचं काम संपलं. पीडित नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो, तो वकिलाशिवाय, फुकट करता येतो. कसा करायचा ते व्यनित (व्यक्तिगत निरोपात) लिहिते.

वाईट वाटून घेऊ नका, पण एक विचारते. जबडा बरा झाला. तो कसा आहे?

माझ्या प्रकरणातलं एक मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तो शूटिंग करणारा धाकटा, सहा टाकेवाला. तोही त्याआधीच्या वर्षी त्याच चौकडीकडून मार खात होता. शूटिंग करायला लागल्यावर त्याचा मार थांबला. त्याच्याही कागदावर हे नाही, कारण तो फिर्यादी आहे आणि फिर्यादीला कुणी असलं विचारत नाही.

बेरकी | मंगळवार, रात्री ११.००

हे आधी का नाही लिहिलं?

बालाघाटी | मंगळवार, रात्री ११.०४

आधी लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आता दोघांचीही वकिली करतेय.

बेरकी | मंगळवार, रात्री ११.०९

म्हणालो असतो.

गोदाकाठ | गुरुवार, सकाळी ७.४०

परवा चिडून लिहिलं. तुमच्या प्रश्नाचा आधी राग आला. काल संध्याकाळी त्याला विचारलं, कसं वाटतंय आता. म्हणाला, ठीक. मग तुमच्यासारखं आडून विचारलं. कॉलेजला कोणत्या रस्त्यानं जातोस? म्हणाला, मागच्या गल्लीनं. ती गल्ली दुप्पट लांब आहे. का, म्हटलं. मग बोलला. तो मुलगा आणि त्याचे दोस्त मोठ्या रस्त्यावर बसतात, याला बघून जबड्याला हात लावून हसतात. वर्गातल्या दोघातिघांनी याला सांगितलंय, आपण बघून घेऊ, तू फक्त ये. यानं सॅक दाखवली. वहीच्या मागं फायटर, मुठीत घालून मारायचा. चारशे रुपयांना घेतलाय, मी दिलेल्या झेरॉक्सच्या पैशांतून.

"वापरणार नव्हतो मम्मी. जवळ असलं की बरं वाटतं."

रात्रभर झोपले नाही. ह्यांना अजून सांगितलं नाही. काय करू?

निवृत्त_जमादार | गुरुवार, सकाळी ७.५८

ताई, आधी ती वस्तू घरातून घालवा. त्यानं दाखवली, तुम्हाला सापडली नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून रागावू नका. यजमानांना आजच सांगा, पण पोराच्या समोर नको. आठ दिवस त्याला गाडीवर सोडा आणि आणा. मोठ्या रस्त्यानं. मागच्या गल्लीनं नको. बसणारे बघू देत की पोराबरोबर माणूस आहे. हसण्याचा, धमकीचा लेखी अर्ज ठाण्यात द्या, पोच घ्या. ठाण्यात मुलाला नेऊ नका, तुम्ही जा.

बालाघाटी | गुरुवार, सकाळी ८.१५

जमादारकाका म्हणतात तसंच करा. अर्जात पहिल्या मारहाणीची तारीख घाला आणि नंतरचं हसणंबिसणं सगळं तारखेवार लिहा. ही नोंद आता होऊ द्या. त्याला कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ ही आहे. त्या दोघातिघांशी मैत्री तोड असं आज म्हणू नका, त्याच्या बाजूनं बोललेले तेवढेच आहेत. मी दुपारी चारनंतर मोकळी आहे, व्यनित नंबर टाकलाय.

गोदाकाठ | गुरुवार, सकाळी ८.४०

अर्जाचं समजलं. ह्यांना बाहेर अंगणात नेऊन सांगितलं. काही बोलले नाहीत, गाडी पुसायला लागले. पोरगं आत मुरमुऱ्यांचा सुशीला खातंय. आत्ता आणखी मागितला.